शेवटचा फर्मा नसलेली ओलीसकादंबरी (कृपया नाव आणि शेवट लिहू नका!)

नारायणपेठी
गेल्या रविवारी अप्पा बळवंत चौकाजवळच्या फुटपाथवर साठ रुपयांत एक जाडजूड अनुवादित कादंबरी मिळाली. कव्हर नाही, नावाचं पान नाही. आधीच्या मालकाने कॅलेंडरचा कागद घालून दाभणाने शिवलीय, त्यामुळे माझ्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर आषाढ महिना आणि कुणाच्या तरी दुधाचा हिशोब आहे. (१४ तारखेला दूध आलं नव्हतं.)

गोष्ट अशी. युरोपातल्या डोंगरात एक धरण. धरणाच्या पोटात, खडकात कोरलेलं वीजगृह. तिथे पाहुण्यांची सहल आलेली असताना सात जण आत घुसतात आणि एकतीस लोकांना ओलीस धरतात. मागणी: तुरुंगातला आमचा माणूस सोडा, नाहीतर धरण उडवू. बाहेर वाटाघाटी करणारी एक पन्नाशीची पोलीस अधिकारी. तिच्यापलीकडे कमांडोंचा कॅप्टन, ज्याला पहिल्या पानापासून आत शिरायचंय.

मी दोन रात्रीत चारशे पानं वाचली. बायको म्हणाली, दिवा बंद करणार आहेस की मीच तुला ओलीस धरू. आणि मग ४०० नंतर थेट पुठ्ठा! शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, गायब.

दोन विनंत्या. नाव ओळखलंत तर व्यनि (खासगी निरोप) करा, इथे लिहू नका. मला मोह आवरत नाही, लगेच शोधून शेवट वाचीन. आणि ज्यांनी वाचलीय त्यांनी कशी वाटली ते लिहा. माझं मत: पहिली अडीचशे पानं अफाट, पुढे गाडी घसरली.

सावळागोंधळ
ओळखली! व्यनि केलाय. माझ्याकडे होती, भावाने नेली, परत मागितली तर म्हणतो 'कुठली?' म्हणजे तीही ओलीसच.
मला मात्र शेवटची दीडशे पानंच आवडली. आधी नुसतं फोनवर बोलणं, सँडविच पाठवणं, परत बोलणं. अरे गोळी कधी सुटणार?

चिमणाबाई
सावळ्या, तुला ओलीसकादंबरी नको, दिवाळीतली टिकल्यांची बंदूक दे.
तो फोनच तर जीव आहे पुस्तकाचा. ती बाई एकदाही 'नाही' म्हणत नाही हे लक्षात आलं का? 'मला वर विचारावं लागेल', 'गाडी निघालीय पण रस्त्यावर बर्फ आहे', 'तुम्ही दहा म्हणालात, मला बारा ऐकू आलं'. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं याच तंत्रावर संसार केला.

बँकवाली
चिमणाताई, ते तंत्र खरंच आहे. म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये १९७२ साली इस्रायली खेळाडूंना ओलीस धरून मारलं, त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी वाटाघाटींची वेगळी तुकडी उभी केली. हार्वे श्लॉसबर्ग म्हणून एक पोलीस होते, मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेले. त्यांचं आणि फ्रँक बोल्झ यांचं नाव त्यात घेतलं जातं. सूत्र साधं: जो बोलतो त्याच्या हातात निर्णय नको, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याने बोलायचं नाही. म्हणजे 'वर विचारतो' हे खोटं वाटत नाही, कारण ते खरंच असतं. आणि वेळ जितका जाईल तितकं बरं. माणूस दमतो, भुकेला होतो, शौचाला लागते, ज्यांच्यावर बंदूक रोखलीय त्यांची नावं कळायला लागतात.

आम्हाला नोकरीत लागल्यावर सांगितलं होतं, दरोडा पडला तर शूरपणा करू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका, मागतील ते द्या. तेव्हा हसलो होतो. या पुस्तकातली कॅन्टीनवाली बाई अगदी तेच करते आणि जिवंत राहते. (पान ४०० पर्यंत तरी. पुढचं मी सांगत नाही.)

अवांतर: 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा शब्द बँकेतूनच आला. ऑगस्ट १९७३, स्टॉकहोममधली बँक, चार कर्मचारी सहा दिवस तिजोरीच्या खोलीत. बाहेर आल्यावर त्यांचा राग पोलिसांवरच जास्त. लोक याला वेड म्हणतात. मला तर तो हिशोब वाटतो. आतल्याने निदान पाणी दिलं, बाहेरचे अश्रुधूर सोडणार होते, आणि शेवटी सोडलाच.

नारायणपेठी
बँकवाली, तुमचं 'पान ४०० पर्यंत तरी' वाचून झोप उडालीय. हे बरं नाही.

टर्बाइनवाला
धागा उशिरा पाहिला. मी जलविद्युत प्रकल्पांवर तीस वर्षं काढली, आता कोथरूडला निवृत्त. म्हणून चार शब्द. गोळ्यांबद्दल मला काही कळत नाही, पण पाण्याबद्दल बोलतो.

लेखकाने वीजगृह पाहिलेलं आहे हे नक्की. तो दमट वास, बोगद्यातून आत जाताना कानात बसणारे दडे, भिंतीतून झिरपणारं पाणी, सगळं बरोबर. आपल्याकडे कोयनेचं पोफळीचं वीजगृह असंच सह्याद्रीच्या पोटात आहे. आत एवढा मोठा हॉल की पहिल्यांदा जाणारा माणूस बोलायचा थांबतो.

पण पान ३१० ला कॅप्टनसाहेब चालू टर्बाइनच्या शेजारी उभे राहून सहकाऱ्याच्या कानात कुजबुजतात! अहो, मशीन चालू असताना तिथे आम्ही ओरडून बोलायचो, तरी शेवटी हातवारेच करायचो. निम्म्या लोकांना निवृत्त होईपर्यंत कमी ऐकू यायला लागतं. माझी बायको म्हणते मला मुद्दाम ऐकू येत नाही, ते वेगळं.

दुसरं. कमांडो अवजलाच्या बोगद्यातून आत पोहत येतात. टर्बाइन फिरवून बाहेर पडणारं पाणी ते अवजल. कोयनेचं अवजल चिपळूणकडे वाशिष्ठीत जातं. मशीन चालू असताना त्या प्रवाहाच्या उलट पोहणं म्हणजे नळाच्या धारेत मुंगी वर चढवणं. आधी मशीन बंद करावं लागेल, आणि आवाज थांबला की आतल्या सात जणांना दोन सेकंदांत कळेल. खरं नाट्य इथे होतं! लेखकाने ते एका ओळीत उडवलंय.

तिसरं, एका पिशवीतल्या स्फोटकाने धरण फुटत नाही. मे १९४३ मध्ये ब्रिटिशांनी जर्मनीतली म्योने आणि एडर ही धरणं फोडली तेव्हा एकेका बॉम्बमध्ये सुमारे तीन टन स्फोटक होतं. ते पाण्याखाली, भिंतीला चिकटून फुटेल असा खास बॉम्ब बनवावा लागला. तरी एका बॉम्बने काम भागलं नाही.

वारजेकर
काका, तांत्रिकदृष्ट्या पटलं. पण धरण फुटणार म्हटल्यावर पुणेकराच्या पोटात गोळा येतोच. तिथे टनांचा हिशोब चालत नाही. १२ जुलै १९६१. आमची आजी शनिवारात राहायची. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. रात्रभर जवानांनी पानशेतला वाळूची पोती रचून भिंत धरून ठेवली, म्हणून पाणी पहाटेऐवजी सकाळी आलं आणि लोक जागे होते. आजी शेवटपर्यंत कुठल्याही घराचा पहिला प्रश्न एकच विचारायची: किती पायऱ्या चढायच्या?

या कादंबरीत खालच्या गावातली एक म्हातारी घर सोडायला तयार नाही, ते प्रकरण आहे ना, बारावं बहुतेक. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बाकी कमांडो वगैरे विसरलोय.

नारायणपेठी
@वारजेकर, बारावंच. मीही तिथे थांबलो होतो.

अनुवादिका
अनुवादावर कुणीच कसं बोललं नाही? मी याच धंद्यातली, म्हणून नावं ठेवताना जीभ चावते. पण:

'त्याने पिस्तुलात नवीन मासिक भरलं.' (पान ८८)
'मला झाक, मी पुढे जातो!' (पान २९५)
खोलीत शिरून कमांडो ओरडतो, 'स्वच्छ!' (पान ३०२, ३०३ आणि ३०७. तीन खोल्या, तिन्ही स्वच्छ.)

महानगरपालिकेचं पथक आल्यासारखं वाटतं. सरळ मॅगझिन, कव्हर दे, क्लिअर लिहायचं. आपले जवान तसंच बोलतात.

मात्र फोनवरचे संवाद इतके सुरेख उतरलेत की तिथे अनुवादकाला नमस्कार. 'तुमचा आवाज बसलाय, गरम पाणी पाठवू का?' हे एक वाक्य. त्यात 'तुम्ही' वापरलंय. इंग्रजीत तो प्रश्नच येत नसेल, पण मराठीत तिने गुन्हेगाराला 'अरे' म्हणायचं की 'अहो' हे कुणीतरी ठरवलं. आणि शंभर पानांनंतर तो तिला 'तू' म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो. असा निर्णय घेणाऱ्या माणसाने 'मासिक' लिहिलं असेल हे मला पटत नाही. बहुधा दोघांनी मिळून केलाय, आणि गोळीबार ज्याच्या वाट्याला आला त्याला मुदत कमी मिळाली.

सावळागोंधळ
'स्वच्छ!' ला मी ऑफिसात हसलो, साहेबाने वर पाहिलं.
आणि एका ठिकाणी एकाने ग्लॉक पिस्तुलाचा सेफ्टी कॅच 'खट्कन' काढलाय. ग्लॉकला तसला बाहेरचा खटका नसतो, सेफ्टी ट्रिगरमध्येच असते. ही चूक मूळ लेखकाचीच असणार.

माजी_फौजी
नमस्कार. युनिट वगैरे विचारू नये, सांगणार नाही. पण कमांडो असे कुजबुजताना दाखवले की राग येतो, म्हणून लिहितो.

कादंबरीत कॅप्टन पहिल्या रात्रीच म्हणतो, मला वीस मिनिटं द्या. असा माणूस कुठलाही सीओ, म्हणजे तुकडीचा प्रमुख, पुढे पाठवणार नाही. शिरणं हा कामाचा सगळ्यात छोटा भाग. मे १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात एसएएस ही ब्रिटिश कमांडो तुकडी शिरली ती सहाव्या दिवशी, एका ओलिसाला मारून त्याचं प्रेत बाहेर टाकल्यावर. धडक काही मिनिटांची. आधीचे दिवस कशात गेले? भिंतीत माइक बसवण्यात. छिद्रं पाडण्याचा आवाज झाकायला विमानं मुद्दाम खालून न्यायला लावली. कोणती खिडकी चिलखती आहे, कोण कुठे झोपतो, हे सगळं माहिती करण्यात.

लिमाचं उदाहरण तर थरारकादंबरीने लाजावं. पेरूमधलं जपानी राजदूताचं घर, डिसेंबर १९९६ ते एप्रिल १९९७, १२६ दिवस. सैन्याने खालून बोगदे खणले आणि खणण्याचा आवाज झाकायला बाहेर लाउडस्पीकरवर गाणी लावली. आतले बंडखोर दुपारी हॉलमध्ये फुटबॉल खेळायचे. नेमक्या त्या वेळी खालून स्फोट केले. एक ओलीस आणि दोन जवान गेले, बाकी ७१ ओलीस वाचले.

आणि हेही लक्षात ठेवा की प्रत्येक वेळी असं होत नाही. मॉस्कोच्या नाट्यगृहात २००२ साली गॅस सोडून अतिरेक्यांना निपचित केलं, पण शंभराहून जास्त ओलीस गेले, बहुतेक त्या गॅसनेच. ॲम्ब्युलन्स आणि उताऱ्याची तयारी अपुरी होती. या पुस्तकात शेवटी ॲम्ब्युलन्स किती उभ्या आहेत ते कुणी मोजलं का? मी मोजलं. दोन. एकतीस ओलीस.

टर्बाइनवाला
साहेब, सलाम. दोन ॲम्ब्युलन्स माझ्या नजरेतून सुटल्या.

चिमणाबाई
माजी फौजी, मग आपल्या कंदाहारच्या वेळी काय चुकलं? मी तेव्हा कॉलेजात होते, घरात वाद पेटायचे.

माजी_फौजी
वेगळा धागा होईल, ताई. थोडक्यात, २४ डिसेंबर १९९९ ला इंडियन एअरलाइन्सचं अपहृत विमान आयसी-८१४ अमृतसरला उतरलं होतं, सुमारे पाऊण तास धावपट्टीवर होतं. तिथे थांबवता आलं नाही. एकदा ते उडालं आणि पुढे कंदाहारला पोहोचलं की मैदान त्यांचं. ३१ तारखेला तीन अतिरेकी सोडून प्रवासी आणले.
त्याच अमृतसरला एप्रिल १९९३ मध्ये एनएसजीने (आपल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी) इंडियन एअरलाइन्सच्या अपहृत विमानात शिरून सगळे प्रवासी सुखरूप काढले होते. एकच अपहरणकर्ता होता तो. ते फार कुणाला आठवत नाही. चांगलं पार पडलेलं काम विसरलं जातं. आमच्याकडे त्याची तक्रार नसते.

पहिल्यांदाच_लिहितेय
इथे फक्त वाचते, आज लिहितेय. पुस्तकातला तो टीव्हीवाला प्रसंग कुणीच काढला नाही. वाहिनीचा कॅमेरा कमांडोंना डोंगरावरून उतरताना थेट दाखवतो आणि आतला म्होरक्या ते बघतो. बऱ्याच परीक्षणांत 'अतिरंजित' असं म्हटलंय. अतिरंजित? म्युनिकला हेच झालं होतं. छपरावर चढणारे पोलीस टीव्हीवर दिसत होते.

आणि आपण विसरलो का? नोव्हेंबर २००८. आम्ही तीन दिवस टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरणारे एनएसजीचे जवान आपण चहा पीत पाहिले. पाकिस्तानात बसून फोनवर सूचना देणारेही टीव्हीच बघत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल झापलं आणि २०१५ मध्ये अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नये असा नियम झाला.

मी तेव्हा एका वाहिनीत अगदी कनिष्ठ होते. 'अजून जवळून दाखवा' असं ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता. पुस्तकातल्या त्या वार्ताहर मुलीचं नाव आठवत नाही, पण ती शेवटी कॅमेऱ्यावर हात ठेवते ते पान मी दुमडून ठेवलंय. पुस्तक वाचनालयाचं आहे. क्षमस्व.

चिमणाबाई
लिहीत राहा गं. (पान दुमडल्याचं आम्ही कुणाला सांगत नाही.)

सावळागोंधळ
ठीक आहे, माझं मत थोडं बदलतो. पुन्हा वाचायला हवी. भावाकडे छापा टाकतो.
पण एक सांगू? मला धडाकेबाज शेवट आवडतो याची लाज नाही वाटत. युगांडातलं एंटेबी विमानतळ आठवा, अपहृत विमानाच्या ओलिसांसाठी इस्रायली कमांडो गेले होते. जुलै १९७६, चार हर्क्युलस विमानं, चार हजार किलोमीटर, तिथला हुकूमशहा इदी अमीनच्या गाडीसारखी दिसावी म्हणून सोबत काळी मर्सिडीज. शंभरावर ओलीस सोडवून आणले. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी 'काहीही!' म्हटलं असतं.

बँकवाली
त्याच एंटेबीत फ्रेंच वैमानिक मिशेल बाको आणि त्यांचे सहकारी, सुटका मिळत असताना प्रवाशांसोबत थांबले. त्यांच्या हातात ना मर्सिडीज होती ना बंदूक. मला ती गोष्ट मर्सिडीजपेक्षा मोठी वाटते. आणि सावळ्या, इमारत कशी आहे हे कमांडोंना कुठून कळलं? ती टर्मिनल एका इस्रायली कंपनीनेच बांधली होती. नकाशे आणि सुटलेल्या ओलिसांच्या मुलाखती. परत तेच, कागद आणि बोलणं.

सावळागोंधळ
बायका फार अभ्यास करून येतात या धाग्यावर.

संपादक मंडळ
वरील प्रतिसाद राहू देत आहोत, पण सावळागोंधळ यांनी पुढे जपून लिहावं.

नारायणपेठी
धागा वर काढतोय. वारजेकरांनी त्यांची प्रत दिली! काल संध्याकाळी नळ स्टॉपला भेटलो, दोन कटिंग झाले, आणि मी घरी येईपर्यंत थांबू शकलो नाही. कर्वे रोडच्या कडेला गाडी लावून सोळाही पानं वाचली. एक वाहतूक पोलीस येऊन 'साहेब, इथे पार्किंग नाही' म्हणाला. मी म्हटलं, दोन मिनिटं द्या. त्याने दिली, आणि मला हसू आलं.

शेवट लिहीत नाही. पण मला एकच गोष्ट हवी होती, ती तुमच्यापैकी कुणीच विचारली नाही म्हणून आश्चर्य वाटतं. ते मधुमेहवाले आजोबा! सहलीला नात घेऊन आलेले. त्या अधिकारी बाईने पहिला सौदा केला तो त्यांच्या इन्सुलिनचा. इन्सुलिन आत, दोन मुलं बाहेर. थंड राहावं म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवायला सांगते. माझ्या आईला बावीस वर्षं इन्सुलिन चालू होतं, गावाला जाताना आम्ही अगदी तसंच माठाजवळ ठेवायचो. तो परिच्छेद वाचल्यापासून मी त्यांच्यासाठीच चारशे पानं उलटली.

शेवटच्या सोळापैकी अकरा पानं गोळीबार. तीन वेळा 'स्वच्छ!'. कॅप्टनला पदक. आजोबांचा उल्लेख शून्य. जिवंत आहेत की गेले?

अनुवादिका
थांबा. मी मूळ इंग्रजी पुस्तक मागवलं होतं, आजच आलं. त्यात अखेरच्या प्रकरणात दीड पान जास्त आहे. मराठीत गाळलंय, बहुधा फर्मा सोळा पानांत बसवायला.
ती बाई रात्री रिकाम्या खोलीत आवराआवर करतेय. फोन, सिगारेटची राख, सँडविचचे कागद. आणि टेबलावर ते ओलं फडकं परत आलेलं असतं, नीट घडी घातलेलं.

नारायणपेठी
घडी घातलेलं?

अनुवादिका
हो. एवढंच आहे. कुणी घातली ते लिहिलेलं नाही.

टर्बाइनवाला
आजोबांनीच. आमच्या वयाची माणसं फडकं परत करताना घडी घालतात.

वारजेकर
नारायणपेठी, माझी प्रत रविवारपर्यंत द्या. आणि तुमची ती आषाढवालीही एकदा बघू द्या, १४ तारखेला दूध का आलं नाही ते मला शोधायचंय.